फिका पडलेला जामुनिया

कॅम्प चारच्या बाजारातल्या खड्यांच्या दुकानात मी नोकरी करते. दुपारी शोकेसचे दिवे बंद करायचे, जामुनियाच्या खड्यांवर काळं कापड टाकायचं, उरलेला माल बंद खणात ठेवायचा, हे माझं रोजचं काम. जामुनियाचा जांभळा रंग उजेडाने उडतो. एवढी साधी गोष्ट मला माझ्याच घरात पटवता येईना.

बाबांच्या हृदयात दोन ब्लॉकेज निघाले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. आईने मात्र एका ज्योतिष्याच्या सांगण्यावरून आमच्याच दुकानातून जामुनिया आणला आणि अंगठी करून बाबांच्या बोटात घातली. रोज अंघोळीच्या वेळी काढून ती दुपारपर्यंत खिडकीत उन्हात ठेवायची, असा नेम. उन्हाळा सरता सरता खडा फिका पडला आणि आईचा चेहरा उजळला.

"दुखणं ओढून घेतोय तो," ती म्हणायची. "पांढरा झाला की सुटलो."

बाबा ऑपरेशनची तारीख पुढे ढकलत राहिले. माझं डोकं फिरायचं. सांगून सांगून तोंड दुखलं. भाजीची पिशवी घेऊन ते जिन्यात मध्येच थांबले की मी धावत खाली जाऊन पिशवी घ्यायचे.

शेवटी मी दुकानाच्या शेठजींकडे बाबांच्या खड्याच्याच मालातले दोन खडे मागितले. एक खणातला, एक शोकेसच्या कोपऱ्यात कापडाबाहेर राहून गेलेला.

"ले जा बेटा," ते म्हणाले, "पर कस्टमर को मत दिखाना."

संध्याकाळी अंबरनाथला घरी आल्या आल्या मी बाबांच्या बोटातली अंगठी काढून घेतली आणि ते ताटलीत तिच्याशेजारी मांडले. खणातला गर्द जांभळा, बाकीचे दोन्ही सारखेच फिके.

"आई, हा शोकेसमधला खडा कुणी घातलाच नाही. याने कुणाचं दुखणं घेतलं?"

आईने दोन्ही फिके खडे उजेडात धरून पाहिले. मग माझ्यावरच उखडली. "काय मिळालं तुला हे करून?"

मला रडू येत होतं, पण ताटली मी उचलली नाही.

"तिला नको बोलूस," बाबा हळूच म्हणाले. "छातीत दुखतं माझ्या अजून. खडा फिका व्हायला लागला तशी तू धड जेवायला लागलीस, म्हणून गप्प होतो."

आई उठली. कपाटातून डॉक्टरांची फाईल काढून तिने त्यांच्यापुढे ठेवली.