नळीकाकांची खंडेनवमी

केकमध्ये अंडं आहे असा नुसता संशय आला तरी जो माणूस तीन वेळा चूळ भरत असे, तो आपल्या गराजमध्ये बसून शिकारीच्या रायफलींच्या नळ्या बदलत असे! मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला चिवडा जमिनीवर सांडला. अॅरिझोनात, चँडलरमध्ये, आमच्या मागच्या गल्लीत, दारावर आंब्याच्या पानांचं प्लॅस्टिकचं तोरण, आत पिंपरीच्या कारखान्यात लेथवर हात बसलेले काका आणि टेबलावर हरणं मारायची बंदूक. सरकारी लायसन्स भिंतीवर, गणपतीच्या शेजारी. मंडळातले सगळे त्यांना नळीकाका म्हणायचे.

"अहो काका, हे पाप नाही का?" मी विचारलं.

"लेका, मी दार बसवणारा सुतार. आत कोण काय करतं ते घरमालकाला विचार."

नळी सोडवताना त्यांना बघणं म्हणजे सोहळा. एकदा एक नळी अशी गंजून बसली होती की तिच्यापुढं आमच्या सोसायटीचे अध्यक्ष लवचीक म्हणावेत. शिकंज्यात नळी, वर माणसाच्या उंचीचा पाना आणि पान्याला लटकलेला एकशे दहा किलोचा मी. पाना वाकला, माझी पँट उसवली, नळी हलली नाही. काकांनी तेलाचे दोन थेंब सोडले आणि म्हणाले, "चहा घेऊन ये. आलं घाल म्हणावं." चहा संपला, त्यांनी एका हातानं पान्याला टिचकी मारल्यासारखं केलं आणि कडाक्! माझी खात्री आहे, तो आवाज फीनिक्सच्या विमानतळावर ऐकू गेला असणार.

नळी बसवणं सोपं, तपासणं अवघड, असं ते म्हणत. गोळीच्या बुडाशी मागून एक जाड दांडा येऊन दार लावतो, तो बोल्ट. त्याच्यासाठी त्यांच्याकडे गोळीच्या आकाराची दोन गेजं होती. एकावर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसऱ्यावर मिटताच कामा नये. "दुसऱ्यावर मिटला तर दारात फट आहे," ते सांगत. "आणि ह्या फटीतून वारा नाही येत, आग येते. सरळ मारणाऱ्याच्या डोळ्यात." ज्या नळीला जो बोल्ट लावून तपासला तोच तिचा. दुसऱ्याचा चालत नाही, मग तो दिसायला जुळा भाऊ का असेना.

आणि जुळे भाऊच आले. शेजारचा डेल, सत्तरीचा, त्याच्या वडिलांनी दोन मुलांसाठी घेतलेल्या दोन सारख्या रायफली घेऊन आला. दोन्हींच्या नळ्या झिजून गुळगुळीत. काकांनी दोन्ही बदलल्या, दोन्ही गेजांवर तपासल्या आणि प्रत्येक नळीच्या बुडाशी आणि तिच्या बोल्टवर स्वतः आकडे कोरले, एक आणि दोन.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. काकूंनी हत्यारं पुजायला काढली: लेथची पाती, काकांचे पाने, घरातल्या सुऱ्या, माझा लॅपटॉपसुद्धा. दोन्ही रायफली पाटावर, बोल्ट काढून तबकात, झेंडूची फुलं, हळदकुंकू. काकूंचं कुंकवाचं बोट नेमकं बोल्टवरच्या आकड्यांवर उमटलं, दोन्हींवर.

दसऱ्याला सकाळी डेल आला, शिकारीचा सीझन उघडला होता. काकांनी फडकं उचललं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज, "अहो, आज कुंकू पुसायचं नाही हं! संध्याकाळी." काका हसले, फडकं ठेवलं, समोरचा बोल्ट समोरच्या रायफलीत सरकवला आणि ती डेलला दिली. डेल कुंकवाकडे बघून खूश. "ब्लेस्ड?" म्हणाला. "डबल ब्लेस्ड!" मी म्हणालो. देव मला क्षमा करो.

अकरा वाजता आम्ही मागे राहिलेली दुसरी रायफल पेटीत ठेवत होतो. काकांचा घामट अंगठा बोल्टवरून फिरला, कुंकू ओघळलं आणि खालून आकडा दिसला. ही रायफल दोन नंबरची. आकडा एक.

मी त्यांचा चेहरा पाहिला. पिठासारखा झाला होता. डेलला फोन लावला, रेंज नाही. त्याच्या बायकोनं जागा सांगितली: डोंगरातल्या पेसन गावाच्या पुढे, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे. काकांनी बोल्ट नॅपकिनमध्ये गुंडाळला, गेजं खिशात टाकली आणि रेशमी सदऱ्यातच माझ्या गाडीत बसले. गाडी मी अशी हाकली की निवडुंग बाजूला सरकत होते. एरवी माझ्या ड्रायव्हिंगवर तास तास बोलणारा माणूस सबंध रस्ता एकच वाक्य बोलला: "मी पुसून बघितलं नाही."

टाकीपाशी वळलो तर समोर कागदाचं निशाण लावून डेल पहिल्या गोळीसाठी घडीच्या टेबलावर ओणवा, गाल दस्त्याला टेकलेला, एक डोळा मिटलेला. गाडी थांबायच्या आत काका बाहेर. "थांब! डेल, थांब!" शुद्ध मराठीत. डेलचं बोट खटक्यावरून निघालं.

वाटलं, काका आता बोल्ट बदलतील आणि उगाच काळजी म्हणून आलो म्हणतील. मी असतो तर तेच केलं असतं! त्यांनी रायफल घेतली, रिकामी केली आणि डेलच्या डोळ्यांसमोर दुसरं गेज आत घातलं. ज्याच्यावर मिटायला नको, ते. बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा मिटला.

"बघितलंस?" ते इंग्रजीत म्हणाले. "ही गोळी मारली असतीस तर तुझा डोळा गेला असता. चूक माझी."

डेल खाली बसला. बोल्टवरच्या कुंकवाकडे बोट करून म्हणाला, "तुझ्या बायकोची ती पूजा..."

"पूजा बरोबर होती," काका म्हणाले. "हात माझे होते."

मग त्यांनी खरा बोल्ट बसवला. एका गेजावर मिटला, दुसऱ्यावर अडला. डेलनं हात पुढे केला, पण काकांनी रायफल दिली नाही.

"पहिली गोळी मी मारणार."

"कधी मारली आहेस?"

"नाही."

मी ओरडलो, "काका, वेड लागलंय का?" त्यांनी डेलची गोळी आत घातली. गाल दस्त्याला टेकला, दोन्ही डोळे गच्च मिटले आणि खटका ओढला. डोंगर हादरला, काका उताणे पडले, चष्मा झुडपात. कागदाच्या निशाणाला काही झालं नाही. डोळे शाबूत होते, दोन्ही. रायफल डेलच्या हातात देऊन म्हणाले, "आता तुझी."

परतताना एवढंच बोलले, "हिला यातलं सांगायचं नाही. जन्मभर मनाला लावून घेईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी डेलच्या भावाच्या रायफलीला तिचा बोल्ट बसवून ती तपासून दिली आणि लायसन्स परत केलं. पुढच्या वर्षी डेल आणखी एक रायफल घेऊन फाटकात उभा राहिला, "तुझ्याशिवाय कुणाला देणार नाही" म्हणाला. काकांनी त्याला दुसऱ्या दुकानाचा पत्ता लिहून दिला आणि आल्याचा चहा पाजला.

या हिवाळ्यात काका गेले. तेराव्याला डेल आला होता, कोट घालून, माझ्या शेजारी मांडी घालून बसायची शर्थ करत. काकूंनी मला विचारलं, "का रे, त्यांनी ते काम एकाएकी का सोडलं? मला म्हणाले, डोळे दमले."

मी जन्मभर हत्तीएवढ्या थापा मारल्या, लोकांनी एकही खरी मानली नाही. काकूंकडे बघितलं आणि म्हणालो, "हो काकू. डोळेच."

त्यांनी मान डोलावली आणि डेलच्या पानात आणखी एक वडा वाढला.