मेहुण्याचा पट्टा

माझ्या नाकावर राग असतो, हे पालघरात स्टेशनामागच्या गल्लीत कुणालाही विचारा. गिऱ्हाइकाने फार घासाघीस केली तर मी माल हातातून ओढून घेतो. पट्टे मी हातानेच करतो. जाड कातडं रापीने कापायचं, ओलं करायचं आणि त्यावर ठसा धरून हातोड्याने ठोकायचं. ठसाही माझाच. एक मोठा खिळा कानशीने घासून मी त्याला माशाच्या खवल्याचा आकार दिला होता. तसा ठसा दुसऱ्या कुणाकडे नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा नवरदेवासाठी मी म्हशीच्या कातड्याचा पट्टा केला. दुहेरी शिवण, पितळेचं बक्कल, दोन्ही काठांना खवल्यांची ओळ. आठवडाभर त्या पट्ट्यावर खपलो होतो. कानपिळीला वधूच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. मी हळूच पिळला, लोक हसले. मग पट्टा मी स्वतः त्याच्या कमरेला बांधला. तो बोईसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, घर उमरोळीला. स्थळ आम्हाला सोन्यासारखं वाटलं होतं.

आठ वर्षांनी एका सकाळी, पोरींना शाळेत सोडून, बहीण दुकानात आली. पिशवीतून तोच पट्टा काढून तिने फळीवर ठेवला.

"दादा, बक्कल उखडलंय. त्यांनी सांगितलंय, आजच शिवून आण."

मी ठोकलेलं बक्कल आपोआप उखडत नाही. मी तिचा हात धरला आणि बाही वर सारली. दंड काळानिळा, आणि त्यात खवल्यांची ओळ. एकेक खवला मोजता आला असता. माझ्या हाताचं काम मी ओळखणार नाही?

रापी उचलली आणि पट्ट्याचे तुकडे तुकडे केले. रापी अंगठ्यात गेली तरी थांबलो नाही. "आता त्यालाच सोलतो," म्हणालो.

ती किंचाळली. "काय केलंस हे! आता मी घरी काय नेऊ? गेल्या दिवाळीला तू त्यांच्या कानफटात दिलीस. तू गेलास, अन् मला दुप्पट मार बसला. तुझा राग मी भोगते."

"मग जाऊ नकोस."

"आई काय म्हणते तुला ठाऊक हाय. दिल्या घरी नांदायचं. तवा तूपण गप्पच होतास."

होतो, खरं आहे. मारायला पुढे आणि तिला ठेवून घ्यायला मागे, असा मी भाऊ.

डोळे पुसून ती कोपऱ्यातल्या कातड्यांकडे गेली. "नवा कर. ते यायच्या आत पायजे." एकेक पट्टी उचलून ती स्वतःच्या पोटरीवर मारून बघू लागली. म्हशीचं कातडं तिने बाजूला टाकलं, बकऱ्याचं पातळ, मऊ निवडलं. "ह्याचा कर. ठसा नको. बक्कल हलकं लाव."

मी तसाच केला. अंगठ्याचं रक्त शिवणीला लागत होतं. झाल्यावर तिने तळहात पुढे केला.

"मारून बघ."

"वेडी हायस काय?"

"मला कळायला पायजे ना."

मी पट्टा नुसता टेकवला.

"ते असे नाय मारत."

माझं डोकं फिरलं. पट्टा मुठीला गुंडाळून मी हात वर नेला, फक्त वर नेला. आणि माझी सख्खी बहीण, जिला मी खांद्यावर बसवून समुद्रावर नेत असे, ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "चुकले, चुकले, परत नाय करणार."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शटर ओढलं. पोरींना शाळेतून मीच आणलं आणि तिघींना घेऊन घरी गेलो. आईने तोंड उघडायच्या आत सांगितलं, ह्या तिघी आता इथेच राहतील. दिल्या घरी नांदायची एवढी हौस असेल तर तू जाऊन नांद. आई बहिणीच्या दंडाकडे बघत राहिली. मग उठली आणि पातेल्यात आणखी तांदूळ टाकले.