चिठ्ठी नसलेलं पोतं

एकोणीसशे नव्याण्णव साल, आणि मला अडुसष्टावं लागलेलं. आष्ट्याच्या घरी ओट्यावर दात घासत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या फोनवर निरोप आला... सांगलीत बाळू आप्पा गेले. झोपेतच गेले म्हणे. मी चूळ भरली, तोंड पुसलं आणि सुनेला म्हणालो, "चहा टाक." ती बघतच राहिली. तिला वाटलं असेल, म्हातारा दगड आहे. खरं सांगायचं तर त्या माणसासाठी चारचौघांत रडायला मला तोंड नव्हतं. ते का, हे सांगायला आज दोन महिन्यांनी बसलोय. मी सांगतोय आणि आप्पाची लेक शैला लिहून घेतेय. मध्येच ती थांबते, मीही थांबतो.

आम्ही दोघं हळदीचे दलाल. तो कुंडलचा, मी आष्ट्याचा. ऐन पस्तिशीत काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले. त्या काळी आमच्याकडं हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात एका टॉवेलखाली जायचा आणि बोटं धरून भाव ठरायचा. बघणाऱ्याला दिसायचा नुसता हलणारा टॉवेल. त्यामुळं आप्पाचं काही अडलं नाही. उलट समोरच्याची बोटं घामेजली की हा म्हणायचा, "पावणं, लय घाई झालीया वाटतं घरी जायाची!" सगळे हसायचे. त्या टॉवेलखाली तो आंधळा नव्हता, आणि मी...

मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस. सही येते, आकडे येतात. अक्षरं मात्र कधी जुळली नाहीत. हे मी बायकोलाही कळू दिलं नव्हतं. कागद पुढं आला की चष्मा घरी राहिलेला असायचा. पोत्याला बांधलेली चिठ्ठी दाखवून हमालाला म्हणायचो, "वाच बघू मोठ्यानं, तुजं वाचन सुधारतंय का बघतो." अशी चाळीस वर्षं काढली, आणि तीही ताठ मानेनं.

पुढं टॉवेल गेला, उघडे लिलाव आले. तेही आप्पानं कानावर निभावलं. मग गुडघे गेले आणि त्याचं मार्केट यार्डात येणं थांबलं. शैलानं सांगलीत फोनचं बूथ घेतलं होतं, तिथं तो दिवसभर बसायचा. गावोगावचे शेतकरी फोन करून विचारायचे, "आप्पा, माल आज आणू का थांबू?" सकाळ-संध्याकाळ त्याचं सल्ला देणं चालायचं. तेवढाच त्याचा बाजार उरला होता. मग शैलानं कॉम्प्युटर आणला आणि पुण्याहून बोलकं यंत्र बसवून घेतलं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते यंत्र नाकातल्या इंग्रजीत बोलून दाखवायचं. आप्पा त्याला 'सायब' म्हणायचा. आकड्यांपुरतं इंग्रजी त्याला कळत होतं.

त्याच सुमारास आमच्या व्यापारी संघानं वेबसाइट काढली. रोज दुपारी हळदीचे भाव तिच्यावर चढायचे. मराठी अक्षरं सगळ्या मशीनवर नीट उमटत नव्हती, म्हणून भावाचं आख्खं चित्रच करून टाकायचे. नक्षीदार अक्षरं, वर गणपती, बाजूला हळदीचं झाड. मी कमिटीत होतो. ते चित्र बघून आपली छाती फुगलेली.

एक दिवस आप्पा शैलाचा हात धरून संघाच्या मीटिंगला आला. म्हणाला, "आवं मंडळी, आमचा सायब साऱ्या जगाचं सांगतोय, आन् सांगलीच्या हळदीपाशी आला की नुसतं 'इमेज, इमेज' करतोय. नव्या नवरीगत लाजतोय गड्या!" हशा पिकला. मग शैलानं समजावलं की यंत्राला चित्र वाचता येत नाही. पण चित्राच्या पाठीमागं त्यातला मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवता येतो. बघणाऱ्याला तो दिसत नाही, यंत्राला मात्र ऐकवता येतो. आप्पा म्हणाला, "पोत्याला चिठ्ठी बांधतावं का न्हाई? तसंच हाय. चिठ्ठी न्हाई तर आत काय हाय कुणाला कळणार?"

कुणीतरी म्हणालं, रोजचा वाढीव व्याप कोण करणार? तेव्हा मघाशी माझा आवाज आला होता त्या दिशेला आप्पानं मान वळवली. "नाना, तूच वाच रं आजचं त्या पडद्यावरचं. ह्यांना कळू दे, मला किती ऐकाय मिळत न्हाई ते."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. समोर पडदा. आकडे दिसत होते, पण कुठला आकडा राजापुरी हळदीचा, कुठला बारीक कणीचा, काही कळेना. ती नक्षी नुसती वळवळायला लागली. चष्मा तर नाकावरच होता... आणि माझ्या तोंडून निघालं, "आंधळ्यांसाठी काय संघ काढलाय काय आमी? डोळं न्हाईत तर गप घरात बसावं मानसानं!"

आप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढला, नीट घडी केली, परत खांद्यावर ठेवला. "शैला, चल," एवढंच बोलला. विषय तिथंच मिटला. चिठ्ठी बांधायचं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर शेतकऱ्यांचे फोन हळूहळू कमी झाले. भाव कळायला शैला मोकळी होईपर्यंत थांबावं लागायचं, तोवर लोक दुसरीकडं विचारायचे. हे कानावर येत होतं. तरी मी बूथवर गेलो नाही. गेलो तो थेट चार महिन्यांनी, तोही जवळ काम होतं म्हणून. आप्पानं पावलांवरनंच ओळखलं. शेजारी बसवलं, टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याखाली माझी बोटं धरून ठेवली. भाव नाही, काही नाही. मग हळूच म्हणाला, "नाना, तुला वाचाय येत न्हाई, हे मला लय वर्षापास्नं म्हाईत हुतं. हमालाकडनं चिठ्ठ्या वाचून घ्यायचास, ऐकू यायचं की मला. त्या दिशी त्वांडातनं निघून गेलं बघ. चारचौघांत तुला उघडं पाडलं. चुकलं माझं."

चुकलं माझं. असं तो म्हणाला... तो!

आणि मी काय केलं? हात ओढून घेतला. "कोन म्हनतं येत न्हाई? चष्म्याचा नंबर बदललाय," म्हणून तडक उठलो. पाठीमागनं तो एवढंच म्हणाला, "बरं, बरं. जपून जा." हीच आमची शेवटची भेट. शैला, हे खोडू नकोस.

तेराव्याला गेलो. माणसं पांगल्यावर बूथमध्ये त्याच्या खुर्चीशेजारी, त्यानं मला बसवलं होतं त्याच जागेवर बसलो. खुंटीला टॉवेल तसाच. शैला म्हणाली, "काका, आप्पा रोज दुपारी संघाचं ते भावाचं पान लावायला सांगायचे. म्हणायचे, नाना कमिटीत हाय, आज ना उद्या चिठ्ठी बांधल." शैलानं टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला. त्याला अजून हळदीचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टॉवेल घेऊन संघात गेलो. कमिटीतले बरेचजण होते, चहा चालला होता. मी पडद्यासमोर उभा राहिलो, त्या नक्षीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला ह्ये वाचाय येत न्हाई. कवाच येत नव्हतं. कुनीतरी वाचून दाखवा, आन् जे वाचाल ते चित्रामागं लिवा. लिवून हुईस्तवर मी हितनं हलनार न्हाई."