सासूबाईंचं नाक

लढाईच्या दिवसांत शहापुरात सूत मिळेनासं झालं आणि आमचा माग गप्प बसला. मी गप्प बसणारी नव्हे. लोकांच्या लग्नाकार्यात स्वयंपाकाची कामं घेते म्हणाले, तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. परक्याच्या दारात चूल पेटवायची म्हणजे त्यांच्या मते घराण्याची अब्रूच गेली. शेवटी कशाबशा एका कार्यापुरत्या राजी झाल्या. तिथं कुणी नावं ठेवली तर हा नाद कायमचा सोडायचा, ही अट. आणि खात्री करायला स्वतः सोबत आल्या.

लग्न वडगावातलं, आमच्याच विणकरांतलं. हुग्गी, भात, आमटी, वांग्याची भाजी असा बेत. साखरेची टंचाई होती, पण हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, तिला गूळच लागतो, त्यामुळे ती काळजी नव्हती. परसात चर खणून चुली मांडल्या, दोघी-तिघी शेजारणी हाताशी घेतल्या आणि पहाटेच कामाला लागले.

घात केला सर्दीनं. आमच्यात नैवेद्याआधी चव घेत नाहीत, मीठ वासावरून ओळखायचं. एरवी मी झाकण उचलताच सांगायची. त्या दिवशी नाक पार चोंदलेलं. आमटीचा भला मोठा हंडा रटरटत होता आणि आपण मीठ घातलं की नाही, हेच मला आठवेना. घालावं तर खारट व्हायची भीती, न घालावं तर अळणी. शेजारणींना विचारावं, तर सासूबाईंच्या कानावर जाणार. तिकडं पत्रावळी मांडून झाल्या होत्या. मी मिठाचं भांडं उचलत होते, पुन्हा खाली ठेवत होते.

सासूबाई कट्ट्यावर बसून माझी ही तारांबळ बघत होत्या. नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी माझा धंदा तिथंच संपला असता. पण त्या उठल्या, पदर सावरत हंड्याशी आल्या आणि वाकून वाफ घेतली.

"मीठ न्हाय गं ह्यात," हळूच म्हणाल्या.

मग स्वतःच मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा वास घेतला, आणखी थोडं टाकलं. पंगतीत लोक आमटी भुरकत होते, वाढणाऱ्यांना हाका मारत होते. मला इतका आनंद झाला की मी चुलीमागं जाऊन एकटीच हसले.

आवराआवर चालली होती तेव्हा यजमानीणबाईंची बहीण आली. तिच्या मुलीचं लग्न होतं बोरगावला, स्वयंपाकाला याल का विचारत होती. मी सासूबाईंकडं बघितलं. परवानगी एकाच कार्याची होती.

"येतो की आमी दोघी," सासूबाई म्हणाल्या. "पर मीठ मी घालणार."