काकीच्या विहिरीतलं खारं पाणी

माझी नोकरी पाण्यातलं मीठ मोजायची आहे, असं आमच्या लोणी गावात सगळे सांगतात. त्यात चूक काही नाही. कोकणातल्या एका खाडीत मी दर पंधरवड्याला होडीतून फिरते. ठरलेल्या जागी पाण्याचे नमुने घेते, खारटपणा मोजते. ओहोटी लागली की काठच्या चिखलात उतरून निवटे म्हणजे चिखलातले मासे किती, तिसऱ्या शिंपल्या किती, कांदळाची नवी रोपं आली का, हेही वहीत लिहिते. निवटे कमी झाले की खाडीत काहीतरी बिनसलंय, हे आता मला वही न उघडता कळतं. पहिल्या दिवशी मात्र होडीत बसल्याबरोबर मला ओकारी आली होती.

होडी चालवणारे काका साठीचे. खाडीत एकच पाणी नसतं, हे मला त्यांनी दाखवलं. पावसाळा नुकताच सरला होता. त्यांनी मला वरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायला लावलं. जवळजवळ गोडं होतं. मग वजन बांधलेली बाटली तळाला सोडली, दोरीला हिसका देऊन तिचं बूच काढलं आणि वर ओढली. ते पाणी जिभेला लागताच मी थुंकले.

"खारं पाणी जड," ते म्हणाले. "नदी वरून जाते, दर्या खालून येतो."

मागच्या दिवाळीत लोणीला घरी गेले, तेव्हा काकी वाफ्यावर उकिडवी बसली होती. माझे चुलते वारल्यापासून शेती तीच बघते. कांद्याचं रोप बोटभर झालं होतं आणि शेंडे करपले होते. वाफ्याच्या कडेला मातीवर पांढरा थर आला होता.

"दोनदा औषध मारलं," काकी म्हणाली. "दुकानदार म्हनतो रोग हाय. मला न्हाई वाटत."

"पाणी कुठलं देतेस?"

"हिरीचंच. उन्हाळ्यात हिरीच्या तळाला बोर मारलं. तवापासनं पानी तुटलं न्हाई बघ."

मी बोट त्या पांढऱ्या थराला लावून चाखलं आणि घरातून माझं खारटपणा मोजायचं मीटर आणलं. मोटार नुकतीच बंद झाली होती. विहिरीत वरचं पाणी मोजलं, मधलं मोजलं, तळाचं मोजलं. सगळं सारखंच, आणि रोपाला सोसणार नाही इतकं खारं. काकी पायरीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मंग? बुजवायची का हीर?"

मी मीटर पुसून पिशवीत ठेवलं. इतकी वर्षं पाणी मोजतेय आणि घरच्या माणसाला 'पाणी खारं आहे' एवढंच सांगता येतंय, याची लाज वाटली. संध्याकाळी मी होडीवाल्या काकांना फोन लावला. त्यांनी विहीर कधी पाहिली नव्हती असं नाही, पण आमच्यासारखी साठ फुटी नक्कीच नाही. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "पाणी निवळलेलं होतं काय?"

मी कपाळावर हात मारला. जोराचा वारा सुटलेल्या दिवशी ते होडी काढतच नाहीत; सगळं ढवळलेलं असतं, मोजून उपयोग नसतो. इथे तर मोटार सहा तास विहीर घुसळत होती.

काकीला म्हटलं, दोन दिवस मोटार लावू नकोस.

"लाईट असून बंद ठिवू? रोप वाळंल की!"

"तसंही जळतंय ना?"

ती रागाने आत गेली. पण थोड्या वेळाने स्टार्टरच्या पेटीला कुलूप दिसलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या आणि बाटली सोडत गेले. पहिल्या चार गाठींपर्यंत पाणी चांगलं होतं. पाचवीला आकडा चढला, सातवीला जवळपास तिप्पट झाला. मी पुन्हा मोजलं. तेच. शेताशेजारून कॅनॉल जातो; त्या बाजूच्या भिंतीतून पाझरणारं गोडं पाणी वर साचत होतं आणि बोरचं खारं पाणी खाली बसत होतं. मोटार नेमकी तळाशी होती.

"काकी, चांगलं पाणी आहे तुझ्या विहिरीत. तू फक्त तळाचं उपसतेस."

ती पायऱ्या उतरून आली. वरचं एक घोट प्यायली, मग बाटलीतलं तळाचं. तोंड वाकडं केलं. "अगं बया! हे पाजत व्हते व्हय मी रोपाला?"

मोटारवाल्याने चार रिकामे कॅन बूच घट्ट लावून एकत्र बांधले आणि मोटार त्यांना टांगली. आता ती पाण्याबरोबर वरखाली होते आणि वरचंच पाणी ओढते. त्याला मर्यादा आहे. सकाळी तास, संध्याकाळी तास, त्यापुढे खालचं पाणी मिसळायला लागतं. काकीने अर्ध्या रानात कांदा करायचा नाही, असं ठरवलं. ते तिला जड गेलं. मग नवे वाफे वरच्या अंगाला घातले आणि पुन्हा बी फोकलं. निघताना मी जुनं मीटर तिच्याकडे ठेवलं, कसं धुवायचं ते दाखवलं.

महिनाभराने मी खाडीत गुडघाभर चिखलात निवटे मोजत होते, तेव्हा फोन वाजला.

"शेंड्यापातुर हिरवं हाय," काकी म्हणाली. "लावणीला येतीस का न्हाई?"

मी रजा टाकली. जानेवारीत सहा बायकांच्या ओळीत बसून मीही कांदा लावला. मला सगळ्यात कमी उरकलं, आणि ते सगळ्यांनी बोलून दाखवलं. जेवायच्या सुट्टीत त्यांतल्या एकीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली.

"आमच्या हिरीचं हाय. जरा बघतीस?"

"कुठून काढलं? वरून का खालून?"

"बादली सोडली नि काढलं. वरनंच म्हनायचं."

"मोटार कधी बंद केली होती?"

"इकडं येतानाच की."

काकीने भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात धुतले आणि म्हणाली, "अशानं न्हाई कळत. दोन दिस हीर निवळू दे तुझी. मंग आमी दोगी येतो दोरी घेऊन."