पाठ तशीच हाय

आईची पाठ चांदीनं खाल्ली. हुपरीत आमच्या घरी चांदीचे पैंजण घडतात. सारा जन्म तिनं मांडी घालून, मान खाली घालून कड्या जोडल्या. दुखणं जुनं झालं तशी ती कमी बोलू लागली, मग जेवणही कमी झालं. गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात जुनाट दुखणं आणि नैराश्य यांवर एकत्र उपचार करून पाहणारं संशोधन सुरू झालं. हो-नाही करत आई त्यात गेली. व्यायाम, गोळ्या आणि दर आठवड्याला एका सिस्टरशी निवांत बोलणं, असं ते होतं.

सिस्टर दर वेळी आधी चहा पाजायची, मग विचारायची, "मावशी, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" आई म्हणायची, "दोन." आणि परतीच्या एसटीत प्रत्येक खड्ड्याला कण्हायची. मी चिडले की म्हणायची, "पोरगी एवढ्या मायेनं विचारती, तिच्या तोंडावर न्हाय कसं म्हणायचं?" बाहेर बसलेल्या सगळ्याच बायकांचं दुखणं 'दोन' होतं. आम्ही कोल्हापूरकडची माणसं भांडताना कुणाच्या बापाला भीत नाही, पण चहा पाजणाऱ्याचं मन मोडणं काही आम्हाला जमत नाही.

शेवटच्या भेटीला सिस्टरनं सगळ्यांना सांगितलं, "तुम्ही जे सांगाल, त्यावरून पुढच्या बायकांना काय उपचार द्यायचे ते ठरणार आहे." आई नंबर आल्यावर आत गेली. दार लोटलेलं होतं, पण आईच्या आवाजापुढं दाराचं काय चालणार?

"पाठ तशीच हाय बाई. आठ म्हण, नऊ म्हण. तुला वाईट वाटंल म्हणून दोन सांगत हुतो."

सिस्टरनं शांतपणे विचारलं, "मग काहीच फरक नाही?"

"हाय की. मरावं वाटायचं, त्ये आता वाटत न्हाय. काल तासभर कामाला बसलो. ह्ये बी लिव."

मरावंसं वाटत होतं, हे आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, आणि रडता रडता तिचा एवढा अभिमान वाटला की बसवेना.

माझ्या शेजारी बसलेली बाई मघाशीच 'दोन' सांगून आली होती. ती पुटपुटली, "मला बी परत आत जाया पायजे." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कोण वं त्या?"

"आई हाय माझी," मी सांगितलं, पार गेटवरच्या वॉचमनला ऐकू जाईल असं.