मागल्या अंगणातले डबे

करपल्याचा वास आधी श्रावणला आला. तो ओसरीतल्या मागावर बसला होता. तिथूनच ओरडला, "काय जळून राहिलं वं?"

त्याच्या बायकोनं, अनुसयेनं, तव्याकडे पाहिलं. भाकरी धड होती. मग तिची नजर खाली गेली. डाव्या हाताची करंगळी निखाऱ्याला टेकली होती आणि तिथलं कातडं काळं पडून आक्रसत होतं. तिनं हात मागे घेतला. तिला काहीच दुखत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. नागपूरच्या टांडापेठेत घरोघरी माग चालू होते. अनुसया कोष्ट्याचीच लेक आणि कोष्ट्याच्याच घरची सून. कळू लागल्यापासून तिनं रहाटावर सुताच्या कांड्या भरलेल्या. श्रावण तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि हातावर सुई टोचली. "कुठं टोचलं?" त्यांनी विचारलं. तिला सांगता आलं नाही. महारोग आहे म्हणाले. गोळ्या नेमानं घेतल्या तर बरा होतो, घरीच राहा, कोणाला काही होत नाही, असंही म्हणाले. श्रावणनं सगळ्याला मान हलवली. येताना मात्र तो तिच्या पुष्कळ पुढे चालत होता.

सासू रुखमाबाई ओरडली नाही, रडली नाही. तिनं एक थाळी, एक लोटा आणि एक वाकळ काढून मागल्या अंगणात ठेवली. तिथं भिंतीला टेकून एक पडवी होती. मागाची फणी, लाकडं, मोडका रहाट असलं सामान त्यात पडलेलं असे.

"इथं राहाय," ती म्हणाली. "तुह्या हातच्या कांड्या हाये म्हून समजलं तं आपलं लुगडं कोनी घेईन का? पोट कशावर भरावं मंग?"

अनुसयेची लेक जयवंता तेव्हा लहान होती, परकर सावरत पळणारी. तिला ताकीद मिळाली की मागल्या दाराचा उंबरठा ओलांडायचा नाही. पहिले काही दिवस ती दारात उभी राहून रडे. मग रडायची थांबली. पोरं शिकतात लवकर.

अंगण सगळं फरशीचं. तिन्ही बाजूंनी भिंती, झाडाचं पान नाही. उन्हाळ्यात फरशी अशी तापे की पाय ठेवता येऊ नये. अनुसयेला ते तापणं कळत नसे. संध्याकाळी तळव्याला फोड आलेले दिसत, तेव्हा कळे. काम नाही, बोलायला माणूस नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसून राही.

पलीकडे गोदूबाई राहायची. कुही गावाकडच्या शेतकऱ्याची विधवा, अंगानं दांडगी, तोंडानं त्याहून. मधली भिंत एका जागी ढासळली होती. तिथून तिनं एक दिवस डोकं काढलं.

"दिवसभर भितीत काय दिसते वं तुले?"

"काई नाई."

"मंग काई तरी लाव."

"फरशीत?"

"डब्यात लाव. रॉकेलचे डबे हाये ना तुमच्याकडं? माती मी देतो."

गोदूबाईनं टोपलीभर काळी माती भिंतीवरून दिली आणि चिंधीत बांधलेलं वांग्याचं बी. अनुसयेनं डबा काठोकाठ भरला, बी टाकलं. कोंब वर आले तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती येता-जाता पाणी घालू लागली. आठवड्याभरात रोपं पिवळी पडली. डब्याला सुताला लावायच्या नासक्या खळीसारखा आंबट वास येऊ लागला. तिला वाटलं, आपला हात लागला म्हणून मेली.

"हातानं नाई, पान्यानं मेली," गोदूबाई म्हणाली. "बुडवून मारलं तू त्यायले. डब्याच्या बुडाले भोकं कोन पाडन? जमिनीत पानी खाली जाते. तुह्या डब्यात कुठं जाईन?"

अनुसयेनं खिळा आणि दगड घेऊन भोकं पाडली. भोकांवर खापरीचे तुकडे ठेवले. नुसती काळी माती डब्यात आवळते आणि उन्हात फाटते, म्हणून तिच्यात गोदूबाईनं दिलेली कन्हान नदीची रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. माती कालवताना तिला माती लाल दिसली. डब्याच्या कडेनं तळहात उभा चिरला होता. कधी चिरला, तिला पत्ता नव्हता.

गोदूबाई भिंतीवरून पाहत होती. ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "आता हात डोळ्यानं सांभाळा लागन तुले. हाताचा भरवसा गेला."

त्यानंतर अनुसया जुन्या लुगड्याच्या पट्ट्या हाताला गुंडाळून काम करू लागली. दर संध्याकाळी बोटं उलटीसुलटी करून पाहायची, जशी आई लेकराचं अंग पाहते.

दुसरी रोपं चैत्रात गेली. पत्र्याचा डबा दुपारी चुलीसारखा तापला आणि मुळं आतल्या आत शिजली. मग तिनं डबे पूर्वेच्या भिंतीकडून काढून मावळतीच्या भिंतीच्या सावलीत आणले. बाहेरून गोणपाट गुंडाळलं, ते सकाळ-संध्याकाळ भिजवलं. बोट मातीत खुपसून ओल कळेना, म्हणून काडी खुपसून पाहायला शिकली. काडीला माती चिकटली तर पाणी घालायचं नाही. असं करत करत पुढल्या हिवाळ्यात वांगी धरली. मिरची धरली. फुटक्या माठाच्या बुडात कोथिंबिरीसाठी धणे रगडून टाकले होते, तिथं सांबार हिरवागार उभा राहिला.

पहिली वांगी तिनं धुऊन, पुसून उंबरठ्यावर ठेवली. दुपारी दार उघडलं. रुखमाबाई चिमटा घेऊन आली. एकेक वांगं चिमट्यानं उचललं आणि समोरच्या दारानं बाहेर नेऊन टाकलं. गल्लीतल्या गाईनं ती खाल्ली. मागल्या दाराच्या फटीतून अनुसयेला सगळं दिसलं.

झाडावर आणखी होती. ती तिनं तोडलीच नाहीत. पिकून पिवळी झाली तेव्हा गोदूबाईनं हात पुढे केला. "इकडं आन. सडून राहिली ना ते."

"माह्या हातची हायेत, गोदूमाय."

"मंग? माह्या हातची नाई म्हून तं मांगून राहिली."

बी झालेलंच वांगं तिनं भाजलं, भरीत केलं, आणि भिंतीच्या खिंडारात बसून भाकरीशी खाल्लं. "तिखट कमी झालं," म्हणाली, आणि बोटं चाटली. अनुसया पदर तोंडात कोंबून पडवीत गेली.

अशी वर्षं गेली. नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या उठल्या, लोक त्याच्या गोष्टी करत. अनुसयेला त्या भिंतीवरूनच कळत. ती गोळ्या चुकली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता तुमच्या अंगात रोग उरला नाही. वाकडी झालेली दोन बोटं तेवढी सरळ होणार नाहीत. ती जवळजवळ पळतच घरी आली आणि उंबरठ्याबाहेरून श्रावणला सांगितलं.

श्रावण मागावरल्या धोट्याकडे पाहत राहिला. "डॉक्टरले म्हनाले काय जाते?"

आतून रुखमाबाईचा आवाज आला, "आधी जयवंताचं लगन होऊ दे. मंग पाहू."

लग्न जुळलं उमरेडच्या कोष्ट्यांकडे. पाहुणे ओसरीत बसले होते. अनुसया मिरचीला पाणी घालत होती. दाराआडून श्रावणचे शब्द स्पष्ट ऐकू आले. "पोरीले माय नाई. लहानपनीच गेली."

अनुसयेचा लोटा तसाच कलता राहिला. डब्यातून पाणी खालच्या भोकांनी वाहून तिच्या पायाखाली आलं.

लग्नाच्या आधी श्रावण कितीतरी वर्षांनी अंगणात आला. डब्यांकडे पाहत म्हणाला, "पाहुने जाईपर्यंत गोदूबाईकडं राहाय. बाहेर येऊ नको." ती वाकळ उचलून निघाली. जयवंता मागल्या दारात उभी होती, हळदीनं पिवळी झालेली. आईकडे यायला निघाली आणि उंबरठ्यापाशी तिचे पाय थांबले. कोणी अडवलं नव्हतं, पण पायांना सवय तीच होती.

"वांगी चांगली आली," जयवंता म्हणाली.

"व्हय," अनुसया म्हणाली. वाकळ सावरत ती खिंडारातून पलीकडे गेली.

आचाऱ्यांना चुली मांडायला जागा हवी होती. त्यांनी डबे उचलून मागल्या गल्लीत ओतले. गोदूबाईच्या खिडकीतून अनुसयेनं पाहिलं. शेळ्या आल्या आणि झाडं बुडखापर्यंत खाऊन गेल्या. लेकीची वरात तिनं त्याच घराच्या दाराच्या फटीतून पाहिली. तोंड दिसलं नाही, पाठ दिसली.

पाहुणे गेल्यावर श्रावण न्यायला आला. आवाज मऊ होता. "चाल घरी. माय म्हनते, आता अंदरच राहाय. तिचे गुडघे गेले. कांड्या भराले बी कोनी नाई."

"तुमच्या घरची बाई तं मेली ना," अनुसया म्हणाली. "आता कोनाले नेता?"

"असं काहून बोलून राहिली? लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले तुमीच सांगितलं."

तो माघारी वळला. पुन्हा आला नाही. गोदूबाईनं चुलीपुढे दुसरा पाट मांडला. अनुसया गल्लीतून चेपलेले डबे वेचून आणू लागली. काही दगडानं ठोकून सरळ झाले, काही झाले नाहीत.

दिवाळीला जयवंता नवऱ्याबरोबर माहेरी आली. गोदूबाईच्या दारावरून जाताना तिनं मान वर केली नाही. अनुसयेनं ते पाहिलं आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र मागलं दार वाजलं. जयवंता एकटी होती. ती आत आली, अंगणात आली आणि डब्यांपाशी बसली.

"दूर बस," अनुसयेच्या तोंडून आपोआप निघालं.

जयवंता हलली नाही. तिनं झाडाची एक मिरची तोडली आणि हातात धरून राहिली. "मले बी लावाचं हाये. तिकडं बी फरशीच हाये."

अनुसया सांगू लागली आणि जयवंता ऐकत राहिली. गल्लीतून नवऱ्याची हाक आली तेव्हा ती घाईनं उठली.

"त्यायले सांगितलं, गोदूबाईकडं माही एक मावशी राहते म्हून," ती खाली पाहत म्हणाली. "मावशीकडं म्हनून येत जाईन. चालन का?"

अनुसयेनं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. किती वर्षांनी ते इतक्या जवळून दिसत होतं.

"ये," ती म्हणाली.